मंजिरीवर झोपलेल्या मधमाश्या

निपाणीच्या स्टँडवर त्या संध्याकाळी मी, आई आणि दोन बॅगा एवढेच होतो. आप्पा दुकानात. "गिऱ्हाईक टाकून कसं येऊ?" म्हणाले होते, पण ते रागावलेत हे मला कळत होतं. आमचं शेतीच्या औषधांचं दुकान. मी एकुलती एक, त्यात केमिस्ट्री शिकलेली. मी गल्ल्यावर बसणार हे त्यांनी मी शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. आणि मी चालले होते बंगळूरला, सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीला. बस सुटायच्या बेताला आप्पा स्कूटरवरून आले आणि खिडकीतून एक पुडकं आत ढकललं. "ढेकणाचं औषध हाय. शहरात ढेकूण असत्यात." एवढं बोलून मागं वळले.

पुढचं वर्षभर कसं गेलं ते माझ्यासारखं घर सोडलेल्यांना सांगायला नको, आणि जे मागं राहिलेत त्यांना सांगून कळायचं नाही. ऑफिसात हिंदी, मीटिंगमध्ये इंग्लिश, ऑटोवाल्याशी मोडकं कन्नड. आईशी रोज फोन व्हायचा. आप्पा मागून विचारायचे, "जेवली का विचार," आणि आई मला विचारायची. ते स्वतः फोन हातात घेत नसत.

खोली मिळाली येलहंक्यात, एका घराच्या गच्चीवर. घरमालकिणीला सगळी गल्ली अक्का म्हणते. घरात मराठी बोलतात. पण त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांमागं इकडं आलेले, त्यामुळं त्या मराठीत कन्नड विरघळलंय. पहिल्याच दिवशी जिन्यात म्हणाल्या, "स्वल्प जपून चढ गं, पायरी ओली आहे." मला एवढं बरं वाटलं की मी त्या ओल्या पायरीवरच थांबून राहिले.

अक्कांची बाग म्हणजे कंपाउंडच्या कडेनं तुळशीची रांग, झिनियाचा एक वाफा, दोन जास्वंदी आणि कुंड्यांत टोमॅटो. एका सकाळी घरूनच काम होतं म्हणून चहाचा कप घेऊन खाली उतरले, तर तुळशीच्या मंजिरीवर काहीतरी चमकलं. मधमाशीच, पण पोटावर निळे पट्टे. साधे निळे नव्हेत, जरीच्या काठासारखे, उजेड पडला की हिरव्याकडं झुकणारे! मी मोबाइल काढला. फोटोत आला एक राखाडी डाग. दुसऱ्यात नुसती तुळस. दिवसभर मी कॉलवर "येस, येस" म्हणत होते आणि डोळे खिडकीबाहेर.

लहानपणापासून किडे मी भरपूर पाहिले होते, पण आप्पांच्या दुकानातल्या पोस्टरवर, लाल फुलीखाली. "कीड दिसली की आधी मारायची, नाव नंतर विचारायचं," हे ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मलाही. चोवीस वर्षांची होईपर्यंत एखादा किडा देखणा असतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग मी जुना कॅमेरा घेतला, मॅक्रो लेन्स घेतली. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून दह्याचा पांढरा डबा कापून त्यावर बसवला. फांदी हलू नये म्हणून कपड्यांचे चिमटे. आणि काय सांगू, केवढं जग उघडलं! झिनियाच्या पिवळ्या पाकळीवर पिवळाच कोळी, पुढचे पाय पसरून दबा धरलेला. तो तिथं आहे हे मला फोटो मोठा करून पाहिल्यावर कळलं; मी तर माशीचा फोटो घेत होते! इतक्या जवळून अगदी केसाएवढाच भाग स्पष्ट येतो. डोळा पकडावा तर मिशी धूसर, मिशी पकडावी तर वारा येतो. श्वास रोखून गुडघ्यांवर बसायचं, शंभर फोटो वाया घालवायचे, आणि एखाद्यात माशीच्या डोळ्यातली नक्षी लख्ख उतरली की ओरडायचं. अक्का आतून विचारायच्या, "काय झालं, पडलीस?"

सगळ्यात मोठी गंमत मला दिवस मावळताना सापडली. त्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या पोळं बांधत नाहीत, आणि त्यांच्यातल्या नरांना तर घरच नसतं. संध्याकाळी ते एकेक करून येतात, वाळक्या मंजिरीची काडी जबड्यात घट्ट धरतात, पाय पोटाशी घेतात आणि तसेच झोपतात. एका काडीवर ओळीनं सातआठ जण! मी अक्कांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी शेजारणीला हाक मारली, तिनं सासूला. चौघी तुळशीपुढं वाकून उभ्या. "अय्यो, ह्या आमच्याच घरी झोपायला येतात?" अक्का कुजबुजल्या. त्या दिवसापासून तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या खुडणं बंद झालं.

दोनेक महिन्यांनी आई आणि आप्पा पहिल्यांदाच माझ्याकडं आले. आईच्या आग्रहामुळं आले, हे आप्पांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझी खोली त्यांनी दारातूनच पाहिली. पण बागेत गेले आणि सवयीनं जास्वंदीची पानं उलटून पाहिली. खाली पांढऱ्या ढेकण्याची कीड, कापसासारखी चिकटलेली. अक्कांना केवढा आनंद, घरबसल्या माहीतगार माणूस मिळाला. "मारा अण्णा, सगळ्यालाच मारा एकदा," त्या म्हणाल्या. झोपलेल्या माश्यांचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मी ऑफिसातून आले तर आप्पा बादलीत औषध कालवत होते, शेजारी भाड्याचा पंप. तो उग्र वास आला आणि क्षणभर मी निपाणीच्या दुकानातच पोचले. मग नाकाला ओढणी लावून धावले.

"आप्पा, थांबा! तुळशीवर नका मारू."

"एका झाडावर मारून भागत नाही. कडेला राहिलेली कीड परत येत्या."

"ती कीड नाही."

"मला शिकवतीस?" ते ताठ उभे राहिले. "ह्याच औषधावर तू वाढलीस. तेव्हा नाही वास आला?"

आई जिन्यात थबकली. अक्का दारात. मला खूप काही बोलावंसं वाटलं, वर्षभराचं साठलेलं. पण उजेड उतरत होता आणि माश्या यायची वेळ झाली होती. मी एवढंच म्हणाले, "अर्धा तास थांबा. मग तुम्हाला वाटेल ते करा."

ते रागानं पायरीवर बसले. मी कॅमेरा आणला आणि तुळशीपाशी गुडघे टेकले. पहिला नर आला, घिरट्या घातल्या, काडी धरली. दुसरा त्याच्याखाली. आप्पा बसल्या जागेवरून पाहत होते. तिसरा आला तेव्हा ते उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी फोटो मोठा करून कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

पडद्यावर एक चेहरा होता. मोठे हिरवट डोळे, कपाळावर पिवळसर लव, जबड्यात काडी. आप्पांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. पुन्हा पाहिलं.

"ही टोमॅटोच्या फुलावर जात्या?"

"जाते. फूल धरून गुणगुणते, फूल थरथरतं आणि पराग सांडतो. अक्कांच्या टोमॅटोला म्हणून तर एवढी फळं."

त्यांनी कॅमेरा माझ्याकडं परत दिला. मग हळूच म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही पान उलटून खाली बघितलं गं. फुलाकडं बघायचं सुचलंच नाही."

त्यांनी पंप परत केला. दुसऱ्या दिवशी जास्वंदीच्या किडलेल्या फांद्या छाटल्या आणि उरलेल्या जुन्या टूथब्रशनं, साबणाच्या पाण्यानं घासून काढल्या. अक्का पंख्यासारखी मान हलवत म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं, "असंही होतं तर!" आणि त्याच्या पुढच्या सकाळी माझ्या दारावर थाप. आप्पा अंघोळ करून तयार. "ऊठ की. उजेड आला. माश्या उडून जातील." मी फोटो काढले, त्यांनी दह्याचा डबा लावलेला फ्लॅश धरला. हात जरा हलला की माझ्या आधी तेच चुकचुकायचे!

दुकान आहेच. औषधं विकली जातात, मीही त्यावरून भांडत नाही. फक्त आई सांगते, हल्ली ते गिऱ्हाइकाला आधी विचारतात, पीक फुलावर आहे का. असेल तर म्हणतात, "मग आठवडाभर दम धर."

परवा आप्पांनी स्वतः व्हिडिओ कॉल केला. मी यशवंतपूरला मेट्रोच्या जिन्यात, मागं ही गर्दी. स्क्रीनवर नुसता पिवळा धुरळा आणि घूं घूं आवाज. फोन त्यांनी परसातल्या दोडक्याच्या फुलात जवळजवळ खुपसला होता. "दिसतंय का? पाठीवर बघ, सोनेरी हाय! काय असंल हे?" मी जिन्यातच उभी राहून ओरडले, "मागं घ्या आप्पा, फोन मागं घ्या!" लोक वळून बघायला लागले. ते ओरडत होते, "हल्लं! तिकडं गेलं! थांब, ठेवू नको!"

मला कुणी विचारलं की तुझं घर कुठलं, तर पूर्वी मी अडखळायचे. आता वाटतं, काही नवं दिसलं की ज्यांना आधी दाखवावंसं वाटतं, ती माणसं जिथं असतील तिथं. माझी काही येलहंक्यात आहेत, काही निपाणीत. त्या सोनेरी पाठीच्या किड्याचं नाव आम्हा दोघांनाही अजून माहीत नाही. या शनिवारी मी निपाणीला निघालेय. आप्पा म्हणालेत, दोडका अजून फुलावर आहे, लवकर ये.