कमरेचं हाड

पोलिसांनी हाडांचं पोतं टेबलावर ठेवलं की डॉक्टरसाहेब आधी हात पुढे करत नसत. “कमरेचं हाड आणलं काय?” एवढंच विचारत. बहुतेक वेळा आणलेलं नसायचं. मग ते चष्मा काढून कपाळ चोळत.

तुम्ही म्हणाल, माणूस चिडका होता. होताच.

पन्नास सालानंतरचा तो काळ. मी अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात कारकून होतो. सांगाडा सापडला की बाईचा की बाप्याचा, हे साहेबांनी सांगायचं. कमरेच्या हाडाला एक खाच असते. तीत ते अंगठा घालून बघत. सैल हलला तर बहुधा बाई, अडकला तर पुरुष.

एकदा नांदगाव खंडेश्वरकडच्या नाल्यातून हाडं आली. नुसती हातापायांची. तिकडची एक सासुरवाशीण बेपत्ता होती आणि नवरा कोठडीत. फौजदाराला घाई.

“बाईचं म्हणून लिहून द्या, साहेब. जवळच बांगड्यांचे तुकडे सापडले.”

“निंदाले येणाऱ्या बायांच्या बांगड्या हरेक वावरात सापडतात. मले कंबर पायजे.”

“कुत्र्यांनी नेली असेल.”

“मंग मी माह्या मनानं लिहू काय?”

पुन्हा माणसं पाठवली, तर ती बैलाची हाडं घेऊन आली. शेवटी साहेब स्वतःच निघाले, मीही बरोबर. चिखलात पाय रुतत होते आणि साहेब कुत्र्यांना, फौजदाराला, स्वतःला शिव्या घालत होते. दुपार कलताना बाभळीच्या मुळाशी ते हाड मिळालं. त्यांनी खाचेत अंगठा घातला. हलेना.

त्या बेपत्ता मुलीचा म्हातारा बाप बांधावर बसला होता. साहेब त्याच्यापाशी गेले. “हे तुमच्या पोरीचं नाही, बाबा. बाप्याचं हाये.”

म्हातारा उसळलाच. “मंग माही पोरगी कुठं हाये? आता थो जावई सुटून जाईन! कावून काढलं तुमी हे?”

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, “खरं सांगून आलो, अन् वाटून राहिलं का चोरी करून आलो.”

नवरा सुटला. तो मेलेला पुरुष कोण, हे कुणी शोधलंच नाही. साहेबांनी विचारलं तर फौजदार म्हणाला, “त्याची कुणाची तक्रार नाही.”

त्यानंतर कुठे हाडं सापडल्याचं कानावर आलं की म्हातारा दवाखान्याच्या पायरीवर हजर. “याले कोण सांगते रे?” साहेब माझ्यावर खेकसत. पण तपासणी झाली की शिपायाला न पाठवता स्वतः बाहेर जाऊन “नाही, बाबा” म्हणून येत.

पुढे त्यांची अकोल्याला बदली झाली. म्हातारा आला, खोलीत डोकावला.

“डॉक्टर कुठं गेले?”

“अकोल्याले.”

तो पायरीकडे वळला. मग म्हणाला, “अकोल्याची मोटर कुठून सुटते?”