शेपटीवरचं नाव

आमच्या ह्यांना कुणी "साधा माणूस" म्हटलं की माझं डोकंच फिरतं. साधा कसला, मुळमुळीत म्हणा! घरात चहा निवला तर माझ्यावर आवाज चढवतील, पण थोरला भाऊ समोर आला की तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

नाव भीमाजी. चांदवडजवळच्या खेड्यातला जन्म, आयटीआय केलं आणि ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. हयातभर विमानांच्या शेपट्या बसवल्या, पण स्वतः कधी विमानात बसले नाहीत. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. ह्यांनी काय केलं, तर परदेशातून विमानाचे नकाशे मागवले. दोन माणसांचं, छोटंसं. "हे मी बनवणार आणि एकदा तरी वर जाऊन येणार," म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये विमान मावणार कुठे? म्हणून गावी, थोरल्या भाऊजींच्या शेडमध्ये काम सुरू झालं. रंगनाथ त्यांचं नाव. शेडच्या बाजूनं सरळ सपाट पट्टी होती, तिथूनच विमान उडवायचं होतं. जमीन दोघा भावांची, पण राज्य भाऊजींचं. त्यांनी हो म्हटलं खरं. पहिली दोन वर्षं गावात सगळ्यांना सांगत फिरायचे, "आमचा भीमा याडा झालाय." मग सांगाडा उभा राहिला, पंख लागले, बघायला माणसं यायला लागली, आणि भाऊजींची भाषा बदलली. "आम्ही इमान बनवतोय," म्हणायला लागले. आम्ही!

आता थोडं विमानाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात, शेपटीला दोन आडवी फळकुटं असतात आणि एक उभं. गाडीला स्टिअरिंग तसं विमानाला हे. आडव्याला एलिव्हेटर म्हणतात, उभ्याला रडर. त्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून शिवावं लागतं, आणि ते कुणी शिवलं? मी! आयुष्यभर बायकांचे ब्लाऊज शिवले, म्हातारपणी विमानाला शिवण घातली. मेणाचा दोरा, हातभर लांब सुई, आणि हे शेजारी उभे. "सगुणा, टाका ढिला पडला." चारदा उसवायला लावलं मेल्यानं. बोटं सोलून निघाली माझी. पण खोटं कशाला बोलू, ते काम झाल्यावर मलाच त्यावरून हात फिरवत बसावंसं वाटायचं.

मग तोल साधणं. हे काम ह्यांनी जेवणखाण विसरून केलं. फळकूट बिजागरीवर ठेवलं की ते आडवं राहिलं पाहिजे, मागची कड खाली झुकता कामा नये. त्यासाठी पुढच्या टोकाला शिसं भरायचं, चिमूटभर काढायचं, परत घालायचं. मागची बाजू जड झाली तर वेगात शेपूट थरथरायला लागतं आणि बघता बघता तुटून जातं. म्हणून रंगसुद्धा ह्यांनी फवाऱ्यानं अगदी पातळ मारला, आणि मारल्यावर पुन्हा तोल बघितला. एलिव्हेटर बसवलं तेव्हा मला बोलावून म्हणाले, "फुंकर मार." मी मारली. हललं की हो ते! हे पोरासारखे हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं हसू मी बघितलं नव्हतं.

उडवायच्या परवानगीसाठी सरकारकडे अर्ज केला होता. दिवाळीनंतर साहेब विमान तपासायला येणार होते.

खंडेनवमीला आम्ही नाशिकला घरी होतो, हत्यारांची पूजा होती. दसऱ्याला सकाळी गावी पोचलो, तर शेडपुढे ही गर्दी. विमानाला झेंडूचे हार, नारळ फुटलेला, भाऊजी नव्या फेट्यात. आणि शेपटीवर ऑइलपेंटनं ही मोठाली अक्षरं! रडरवर दोन्ही अंगांनी "कै. नवसाबाई". डाव्या एलिव्हेटरवर "आईचा", उजव्यावर "आशीर्वाद". खाली बारीक अक्षरात "सौजन्य : रंगनाथभाऊ आणि परिवार". भाऊजींनी ट्रॅक्टरवर नावं टाकणारा पेंटर आणला होता. त्यानं आधी पांढऱ्या रंगाचे दोन जाड हात मारले, त्यावर लाल अक्षरं, अक्षरांना पिवळी किनार.

"कसं वाटतंय भीमा? लय भारी ना?" भाऊजी म्हणाले. "म्हातारीचं नाव आता आभाळात जाईल बघ."

नवसाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शेवटची वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, माझ्याच घरी, इंदिरानगरात. त्यांचं सगळं मी केलं आणि ह्यांनी केलं. हे त्यांना उचलून बाथरूमला न्यायचे. भाऊजी केळी घेऊन यायचे, दारातूनच "काय म्हातारे, बरी हायेस ना?" विचारायचे आणि चपला न काढता परत जायचे. आणि आता म्हणे सौजन्य!

माणसं पांगल्यावर ह्यांनी एलिव्हेटरचे बोल्ट काढले आणि फळकूट दोन टेकूंवर बिजागरीच्या जागी ठेवलं. मागची कड धपकन खाली आली. पुढे शिसं वाढवून पाहिलं, पुन्हा वाढवलं. शेवटी हात पुसत म्हणाले, "एवढं वजन ह्या बिजागऱ्या पेलायच्या नाहीत. रंग काढावाच लागेल."

भाऊजी खुर्चीत बसून बघत होते. ते ताडकन उठले. "काय काढावं लागंल? आईचं नाव? दसऱ्याच्या दिवशी? गावानं पाहिलंय ते, भीमा!"

"दादा, ह्यानं विमान पडेल."

"आईच्या नावानं कधी कुणी पडलंय का?"

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, भाऊजी, हे शेपूट राहू द्या असंच, घरात भिंतीवर लावू, मानानं. विमानाला दुसरं बनवतील हे, मी पुन्हा शिवते. बोटं सोलली तर सोलली.

"म्हणजे आईला खाली उतरवायचं आणि तुम्ही वर जायचं!" भाऊजी म्हणाले. "उतरव भीमा, खुशाल उतरव. मग या रानात पाऊल टाकू नको. पट्टी मी उद्याच नांगरतो."

ते पाय आपटत गेले. मी थिनरचा डबा उघडला, फडकं बुडवलं. "नांगरू दे पट्टी," म्हटलं, "दुसरी जागा मिळेल. अर्धं रान आपलं आहे, विसरलात का? तुमच्या आईच्या पाठीच्या जखमा धुतल्यात मी. तिचं नाव पुसायचा हक्क कुणाला असेल तर मला आहे!" आणि फडकं टेकवणार तोच ह्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, सगुणा. आईचं नाव आहे."

"आईचं नाही, ते तुमच्या भावाचं नाव आहे!" मी ओरडले. "आयुष्यात एकदा तरी त्याला नाही म्हणा. एकदा!"

ह्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, झाकण लावलं आणि फळकूट परत शेपटीला बसवलं. मी त्या दिवशी ह्यांना जे जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. दिवाळीआधीच ह्यांनी स्वतः साहेबांना फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढचं काय सांगायचं? भाऊजींनी हायवेला लागून हॉटेल काढलं, हॉटेल नवसाई. विमान शेडमध्ये नुसतंच पडलंय म्हणाले, आणि क्रेन लावून हॉटेलपुढच्या खांबांवर चढवलं. विचारलंसुद्धा नाही. ह्यांनीही काही विचारलं नाही. मालेगावकडे जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या, माणसं मिसळ खाऊन विमानाखाली फोटो काढायला लागली.

मागच्या महिन्यात भाऊजींचा फोन आला. "भीमा, ते शेपूट लय वाजतंय रे. वारं सुटलं की धाडधाड करतं, गिऱ्हाईक घाबरतं. येऊन टाइट करून जा."

मी म्हटलं, जाऊ नका. तुम्ही गेलात तर मी पुन्हा तुमच्या ताटात वाढणार नाही. हे पिशवीत ड्रिल भरत होते. मग मीही गेले. का गेले, देव जाणे. बहुतेक वाटलं असेल, वर चढल्यावर तरी ह्यांचं मन पेटेल, काहीतरी फेकतील, तोडतील.

शिडी लावून हे वर चढले. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या टाकल्या, भोकं पाडली, एकेक रिव्हेट ठोकलं. घाई नाही, गडबड नाही. कारखान्यात करत असतील तसंच, मन लावून. रडर जखडलं, दोन्ही एलिव्हेटर जखडली, पंखांच्या पट्ट्या जखडल्या. शेवटी प्रत्येकाला तळहातानं रेटून पाहिलं. काही हललं नाही. खालून भाऊजी म्हणाले, "एक नंबर काम!"

तेवढ्यात एक जोडपं गाडीतून उतरलं. वर बघत बाईनं भाऊजींना विचारलं, "खरं आहे का हो हे विमान?"

"नाय हो ताई, डमी हाय," भाऊजी हसून म्हणाले. "भावानं बनवलंय शोसाठी."

माझ्या अंगाची आग झाली. मी त्या बाईपुढे जाऊन उभी राहिले. "खरं आहे ते!" म्हटलं. "नखशिखांत खरं! उडणार होतं ते. विचारा ह्यांना, ह्यांनी बनवलंय, विचारा!"

बाई गोंधळून ह्यांच्याकडे बघायला लागली. हे शिडीवरून उतरले, ड्रिल पिशवीत ठेवलं.

"डमीच आहे, ताई," हे म्हणाले. "आत्ताच केलं मी."