रशीदभाऊंचा उलटा हात

रशीदभाऊ वायरमन कोणत्याही यंत्राला आधी उलटा हात लावायचे. खिशात टेस्टर असला तरी बोटांची पाठ हळूच टेकवून पाहायचे. "सरळ हातानं धरलं त करंट मूठ आवळते, पोरी. उलटा हात झटकून सुटते," असं सांगायचे.

ते गोंडपिपरीहून आमच्या गावात कामाला यायचे. मी बारावीत असताना अभ्यासाच्या कोपऱ्यात दिवा त्यांनीच लावून दिला. "आता नापास झालीस त अंधाराचं नाव नको सांगू," म्हणाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या दिव्याचे उपकार मी विसरलेले नाही.

चंद्रपूरला नोकरी लागल्यावर मी मायसाठी विजेची शेगडी नेली. पुढच्या खेपेला गेले तर माय चुलीवरच रांधत होती. "शेगडी चावते मले," ती म्हणाली. बाबा हसले, "चप्पल घालून सैपाक कर." माय सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणीच बसायची, अन्नापाशी चप्पल तिला चालायची नाही.

रशीदभाऊंनी शेगडीला उलटा हात लावला. हात झटकन मागे आला. ते हसले नाहीत. त्यांनी मेन बंद करून फ्यूज उपसला. बारीक तारेच्या जागी तांब्याची जाड तार भरलेली होती. मीटरमागून एक काळी वायर छपराच्या कवेलूंखालून मागच्या शेताच्या बांधाकडे, धुऱ्याकडे गेली होती.

"भाऊ, हे कायले?" रशीदभाऊंनी बाबांना विचारलं.

"रानडुकरं धान खाऊन राह्यले," बाबा म्हणाले. "राती धुऱ्यावरच्या तारेत करंट सोडतो. गवत ओलं झालं का फ्यूज उडे, म्हणून जाड तार भरली."

"फ्यूज जळते म्हणून मानूस वाचते. तुमी त त्याले जळूच देऊन नाई राह्यले. डुक्कर आहे का मानूस आहे, तारेले काय समजते?"

"तुमी शेगडीचं पाहा. शेताचं मी पाहतो."

रशीदभाऊ उंबऱ्यावर बसले. "बाई, चहा ठेवा," म्हणाले. "चुलीवर."

चहा झाला. ते उठले नाहीत. शेवटी मायच बाबांना म्हणाली, "काढा जी थे वायर." बाबांनी शेतातली तार स्वतः गुंडाळून आणली.

मग रशीदभाऊंनी शेगडीला वेगळी लाईन ओढली, मोठं सॉकेट बसवलं, शेजारी तिचा स्वतंत्र फ्यूज दिला. घरामागे खड्डा खणून मीठ-कोळसा टाकून अर्थिंग केलं. "बाई, इथी रोज तांब्याभर पानी टाकत जा," म्हणाले. शेगडी चावायची थांबली.

निघताना ते शेजारच्या घरांच्या कवेलूंकडे पाहत उभे राहिले. "गावात अजून कोनाकोनाकडं आहे, भाऊ?"

बाबांनी मजुरीचे पैसे त्यांच्या हातात ठेवले.

धान पिवळं पडलं तेव्हा रशीदभाऊ कोणाचा तरी पंप दुरुस्त करायला पहाटेच आले. धुऱ्यावरून जवळची वाट धरली. तार गवतात होती. ती त्यांच्या पायाला लागली. ते तिथेच गेले.

तो धुरा आमच्या शेजाऱ्याचा होता. तिथे करंट सोडतात, हे बाबांना माहीत होतं.

आता धान भरू लागलं की बाबा संध्याकाळी घरोघर तार काढायला सांगत फिरतात. लोक तोंडावर म्हणतात, "आमचं धान डुकरानं खाल्लं त तुमी देसान का?" बाबा वाद घालत नाहीत. उंबऱ्यावर बसतात.

"चहा ठेवा," म्हणतात. "मी बसून आहो."