डोळ्यांपाशी नी असतो

चहा घेताय ना? आधी घोट गिळून घ्या, मग सांगतो. हा किस्सा ऐकताना ठसका लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

तसं मी आयुष्यात फार मोठं काही बिघडवलेलं नाही. भूगोलाचा मास्तर बिघडवून बिघडवून काय बिघडवणार? फार तर एखाद्या नदीचा उगम चुकवेल. पण त्या सकाळी नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये मी जो गोंधळ घातला, तो फक्त एक हात वर करून घातला. आणि तोही डोळे पुसायला.

माझी बायको वसुधा आमच्याच शाळेत गाणं शिकवायची. सुट्ट्यांमध्ये ती इतर शाळांतल्या शिक्षकांनाही शिकवायची. म्हणजे ज्यांना गाता येत नाही, पण ज्यांच्या गळ्यात संगीताचा तास मारलेला आहे, अशा बिचाऱ्यांना. त्यांच्यासाठी तिने युक्त्या काढल्या होत्या. पावलं टाकत मात्रा मोजायच्या, जेवणाच्या डब्यावर ठेका धरायचा. सगळ्यात सोपी युक्ती हाताची. हात कंबरेपाशी म्हणजे सा. छातीपाशी म, खांद्यापाशी प, डोळ्यांपाशी नी, आणि डोक्याच्या वर गेला की वरचा सा. पेटीवर एकदा सा द्यायचा, मग शिक्षकाने फक्त हात हलवायचा. गायचं काम मुलांचं.

प्रत्येक नवी युक्ती ती आधी माझ्यावर करून बघायची. स्वयंपाकघरात, हातात झारा घेऊन.

"अहो, तुमच्यावर चाललं तर कोणावरही चालतं," म्हणायची.

झारा वर गेला की मी वर जायचो, म्हणजे जायचा प्रयत्न करायचो. मग ती हसत सुटायची, आणि ती हसली की मी थांबायचो. तोवर कढईतली भाजी लागलेली असायची.

मागच्या वर्षी ती गेली. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून मी एकटाच घरी आलो. त्याबद्दल मला जास्त बोलता येत नाही, आणि हा किस्साही त्याबद्दलचा नाही.

मग एके दिवशी मुख्याध्यापिका ठोंबरे मॅडमनी मला बोलावून घेतलं.

"सर, गाण्याचा तास तुम्ही घ्या."

"मॅडम, मला गाता येत नाही."

"मग तर बरंच झालं. वसुधाताई अशांनाच तर शिकवायच्या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तास बंद पडला तर भाऊसाहेब खोली घेतील. स्मार्ट क्लास करायचाय त्यांना तिथे."

भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. कळमन्याच्या बाजारात त्यांचा संत्र्याचा व्यापार. आणि खोली म्हणजे वसुधाची खोली. तिची पेटी, तिने मुलांकडून रंगवून घेतलेली भिंत, आणि खिडकीत तिचा चहाचा कप. तो कप मी अजून हलवला नव्हता.

मी हो म्हणालो.

आणि खोटं वाटेल, पण युक्ती चालली. पाचवीची पोरं माझ्या हाताकडे अशी बघायची, जणू हातात पेढा आहे. महिनाभरात कान खाजवायला हात नेला तरी वर्ग सुरात. मी आपला खूष. वसुधा म्हणायची तसं मुलांनाही पाळीपाळीने पुढे उभं केलं, त्यांच्या हातावर वर्गाला गायला लावलं.

आर्या नावाची एक चौकस मुलगी आहे. तिने विचारलं, "सर, कोणाचाबी हात दिसला तर गायचं काय?"

"कोणाचाही. सा ऐकला, की मग हात दिसला पाहिजे आणि सूर लागला पाहिजे."

"अन् थांबायचं कधी?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारलाच नव्हता. मी म्हणालो, "घंटा झाली की."

लक्षात ठेवा हे उत्तर. मी नाही ठेवलं.

वसुधाला वर्ष झालं तेव्हा शाळेने हॉलमध्ये छोटा कार्यक्रम ठेवला. फोटोला हार, एक मिनिट शांतता, मग मुलांचं गाणं. भाऊसाहेब आदल्या दिवशीच सांगून गेले होते, "पोरं बरी गायली तर खोली राहू देऊ. नाही तर सर, मले ती खोली पाह्यजे." त्यामुळे माझी झोप उडालेली. घाईघाईत मी एक शहाणपणा केला. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच पेटीवर सा देऊन टाकला. म्हटलं, पोरांच्या कानात राहील.

राहिला ना.

हार झाला. ठोंबरे मॅडम म्हणाल्या, "आता आपण एक मिनिट शांत उभे राहून वसुधाताईंना श्रद्धांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. माना खाली. पंखे तेवढे फिरत होते. मी फोटोशेजारी, मुलांकडे तोंड करून उभा. वर्षभर चारचौघांत मी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. नेमकं तेव्हा आलं. कोणाला दिसू नये म्हणून मी हळूच हात डोळ्यांपाशी नेला.

"नीऽऽऽऽ"

अख्खी पाचवी. एका सुरात. छप्पर उडेल असा.

मी गारठलो. हात जिथे होता तिथेच गोठला. आणि हात गोठला म्हणजे काय झालं असेल? नी गोठला. पोरांचा श्वास संपेना आणि माझा सुरू होईना. त्या धक्क्यात मी काय करावं? कोणीही करेल तेच केलं. डोक्याला हात लावला.

"साऽऽऽऽ"

वरचा. मागच्या रांगेतल्या कुठल्याशा बाईंनी कानांवर हात ठेवले.

मग डोकं थोडं चाललं. हात सावकाश खाली आणला. पोरंही सावकाश खाली आली, एक पायरी चुकवली नाही. हात कंबरेपाशी थांबला. पोरं सा वर थांबली. थांबली म्हणजे गप्प नाही झाली हो, सा धरून उभी राहिली. मी हात पाठीमागे लपवला. तर त्यांनी काय करावं? दुसरा हात शोधला. ठोंबरे मॅडम ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत होत्या. ओठ म्हणजे ध.

"धऽऽऽऽ"

भाऊसाहेब पुढच्या खुर्चीपाशी उभे होते. बाजारात भाव पुकारून पुकारून त्यांना हात हलवल्याशिवाय बोलताच येत नाही.

"सर, हे काय लावलं?" हात वर. "काहून गाऊन राहिले हे?" हात खाली. "शोकसभा आहे न आपली?" हात पुन्हा वर.

अर्धा वर्ग मॅडमच्या हातावर, अर्धा भाऊसाहेबांच्या.

"बंद करा न सर!"

"घंटा झाल्याशिवाय बंद होत नाहीत, भाऊसाहेब."

"मंग वाजवा न घंटा!"

घंटा वाजवणारा आमचा शिपाई गजानन दाराशी डोळे मिटून, हात जोडून उभा होता. सगळ्या हॉलमध्ये श्रद्धांजली वाहणारा तो एकटा.

तेवढ्यात भाऊसाहेब मध्येच थांबले. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो जरासा खाली केला. पोरं खाली. जरासा वर केला. पोरं वर. भाऊसाहेबांचा चेहरा असा झाला, जणू भाव न पुकारता आख्खा ट्रक विकला गेलाय. त्यांनी घाईने दोन्ही हात काखेत दाबले.

मला कुठे बघावं कळेना. मी फोटोकडे पाहिलं. तो फोटो मीच निवडला होता. त्यात वसुधा हसायच्या बेतात आहे, ओठ दाबून धरलेले. झारा वर धरल्यावर दाबायची, अगदी तसे. आणि मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेचना. सरांना हसताना पोरांनी वर्षभरात कधी पाहिलं नव्हतं. आर्या खुदकन हसली, मग शेजारची, मग सगळा वर्ग. हसताना काही गाता येत नाही.

गाणं थांबलं.

हसू ओसरल्यावरची शांतता मात्र चांगली मिनिटभर टिकली. मी भाऊसाहेबांसमोर मान खाली घालून उभा. खोली गेली, पेटी गेली, खिडकीतला कप आता आपल्यालाच उचलावा लागणार, असा हिशेब मनात चाललेला.

भाऊसाहेबांनी हात काखेतून न काढता सांगितलं, "मॅडम, पोरं गातात तर मस्तच. खोली राहू द्या. गाण्याले एखादी बाई पाहा. अन् या सरांले भूगोलातच ठेवा."

पंधरवड्याने रसिका नावाची मुलगी रुजू झाली. वसुधाच्या हाताखाली तयार झालेली. माझ्याकडून सगळा प्रकार ऐकून ती थक्क झाली.

"पण सर, तुम्ही मूठ का नाही मिटली?"

"कसली मूठ?"

"मूठ मिटली की मुलांनी थांबायचं. मॅडम तर हे पहिल्याच दिवशी शिकवायच्या. तुम्हाला नाही सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. मला थांबवायला तिला मूठ कधी लागलीच नाही.

खोली आहे. कपही तिथेच आहे, रसिका त्यात पेन ठेवते. मी परत भूगोलाला. किस्सा इथे संपायला हवा होता. पण पाचवीला भारताचा नकाशा कोण शिकवतं? मीच. पहिल्याच तासाला भिंतीवर नकाशा टांगला आणि हिमालय दाखवायला हात वर केला. गाण्याचा तास नुकताच झालेला, सा अजून पोरांच्या कानात. वर्ग वरच्या सा ला गेला. विंध्य उतरलो, पोरं उतरली. कन्याकुमारीला पोहोचलो तेव्हा कुठे खालचा सा लागला. नागपूर, अर्थातच, छातीपाशी. मुठी मिटून मिटून माझी बोटं दुखली, पण मूठ उघडली की पोरं पुन्हा सुरू, त्यांना आता त्यात मजा येते.

परवा रसिका वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ ऐकत होती.

"सर, राग मानू नका. माझ्या तासाला मुलांचा म सारखा उतरतो. कुठे बिघडतंय ते आज कळलं."

"कुठे?"

"तुम्ही नागपूर फार खाली दाखवता."