वेल्हे बुद्रुकचा पाऊस

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यातल्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम करत होते. माझं माहेर हिर्डोशी. थोरली बहीण, आक्का, वेल्ह्यात दिलेली. भोर-वेल्ह्याकडच्या गावांचा महिन्याचा पाऊस सांगणारा प्रोग्राम मी लिहिला होता. प्रोग्रामचं नाव टाइप करून त्याच ओळीत पुढे गाव आणि महिन्याचा आकडा द्यायचा. सुरू होतानाच ते शब्द प्रोग्रामच्या हाती पडत. नावानंतरचा पहिला शब्द गाव, दुसरा महिना, असं मी धरलं होतं. हिर्डोशी, पाली, सारोळे, सगळी गावं बरोबर आली.

एका शनिवारी वेल्ह्याला निघताना आक्काला दाखवायला तिच्या गावाचा, म्हणजे वेल्हे बुद्रुकचा, गेल्या जुलैचा पाऊस छापून घेतला. एसटी चुकेल म्हणून कागद न बघताच पिशवीत घातला.

आक्का खाचरातून येऊन पाय धूत होती. मी कागद उघडून इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली. पाऊस शून्य.

ती शांतपणे म्हणाली, "जुलैत हितं पाऊसच न्हाई, तर आमी भात लावला कशावर?"

दाजी हसले. मला हसू येईना. सोमवारी हाच प्रोग्राम बघायला भोरहून शेती खात्याचे साहेब येणार होते. मी टाइप केलेली ओळ कागदावर वर छापलेली होती. ती वाचत जेवले, आणि जेवतानाच उमगलं. मशीन मोकळ्या जागेवर शब्द तोडतं. त्याने 'वेल्हे' गाव धरलं, 'बुद्रुक' महिना. सातचा आकडा कुणी वाचलाच नाही. असं काही यादीत नव्हतं, म्हणून शून्य.

नाव अवतरणचिन्हांत घातलं असतं तर एक राहिलं असतं, पण साहेबांच्या ते लक्षात राहिलं नसतं. सोमवारी लवकर जाऊन प्रोग्राम बदलला. आधी शब्द किती आलेत ते मोजायचं, शेवटचा महिना समजायचा, मधले सगळे जोडून गावाचं नाव. साहेबांनी चार-पाच गावं विचारली, चहा घेतला आणि गेले.

पुढच्या खेपेला आक्काला खरा आकडा वाचून दाखवला.

"असंल येवढा," ती म्हणाली. "आन् हिर्डोशीला?"

हिर्डोशीला बराच जास्त होता.

"खाचरं बुडाली असतील, म्हणून आईची लावणी लांबली व्हय," ती म्हणाली. "मला बोलली न्हाई."