दगडांच्या ढिगावर बसलेला माणूस

ठाकुरवाडीच्या वाटेवर तो मला एकदाच भेटला. नाव मी विचारलं नाही. रेल्वेतला निवृत्त इंजिनिअर, बुटांच्या नाड्या दोनदा बांधलेल्या. घाटातला पहिला लोहमार्ग ज्यांनी आखला आणि ज्यांनी त्याला पैसा पुरवला, त्या साहेबांच्या नावांचा फलक लावायला तो जागा शोधत होता. पसंत पडलेल्या जागी खुंटी ठोकून, शेजारच्या दगडांच्या ढिगावर बसून डबा खात होता.

"उठा तिथून," मी म्हणाले.

"का हो आजी? हे दगड हलवणारच आहोत."

"आजी कोनाला म्हनता? तुमचे केस माज्यापरीस पांढरे हायेत. बोगदा फोडताना मेलेल्यांचा ढीग हाय तो. माजा खापरपणजा हाय त्यात. येता-जाता आमी एकेक दगड ठेवतो."

तो चटकन उठला. पिशवीतून जुना नकाशा काढून त्यावर बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"यात बोगद्याचा फूट न् फूट आहे," तो म्हणाला. "हे नाही."

मग त्यानं खुंटी उपटून दहा पावलं खाली ठोकली. जाताना एक दगड उचलून ढिगावर फेकला.

"फेकायचा नाय, ठेवायचा."

गुडघे दुखत असावेत, तरी तो वाकला. तोच दगड शोधून त्यानं नीट ठेवला.

आता खाली फलक लागला आहे. चौथीपर्यंत शिकले, म्हणून सगळी नावं वाचली. बिनकामाची माणसं नव्हती ती. मग वर जाऊन माझा दगड ठेवला.