आवरायला काहीच नव्हतं

माधव गेल्याचं मला गुरुवारी सकाळी कळलं. दुकानातून आणलेल्या पिशव्या गाडीत ठेवत होतो, तेवढ्यात केतकीचा फोन आला. केतकी ही त्याची एकुलती मुलगी, सिअ‍ॅटलला असते. "काका, बाबा गेले," एवढंच ती मराठीत म्हणाली, पुढचं सगळं इंग्रजीत. दोन दिवसांचे पेपर दाराबाहेर तसेच पडलेले पाहून शेजारणीने बिल्डिंगच्या मॅनेजरला बोलावलं होतं. दार उघडलं तेव्हा माधव पलंगावर होता. डॉक्टरांच्या मते बुधवारी पहाटेच, झोपेत... मी पार्किंग लॉटमध्ये उभा होतो आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बुधवार हा आमचा एकत्र चित्रं काढायचा दिवस. त्या बुधवारी वारा फार म्हणून मी सकाळीच मेसेज करून कॅन्सल केलं होतं. उत्तर आलं नाही, आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नाही, कारण माधवचा फोन दिवसभर स्वयंपाकघरातल्या खणात असायचा. मी गेलो असतो तरी तो वाचला नसता, हे मला कळतं. पण अख्खा एक दिवस तो तिथे तसा पडून राहिला नसता.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये आम्ही दोघं तीसेक वर्षं राहिलो, पण ओळख महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पंगतीला शेजारी बसण्यापुरतीच. तो नागपूरचा, पुलांची डिझाइन्स करणारा इंजिनिअर. मी पुण्याचा, टेलिफोनच्या कंपनीत नोकरी केलेला. खरी दोस्ती झाली ती दोघांच्याही बायका गेल्यावर, लायब्ररीतल्या वॉटरकलरच्या वर्गात. वर्ग सहा आठवड्यांत संपला, आम्ही मात्र चालू ठेवलं. उन्हाळ्यात ऑफिसांच्या इमारतींमागच्या तळ्याकाठी घडीच्या खुर्च्या टाकून बसायचो, थंडी पडली की माझ्या स्वयंपाकघरात. माझ्याकडे छत्तीस रंगांची पेटी. त्याच्याकडे तीन रंग आणि रंग कालवायला एक जुनी स्टीलची ताटली. मी हिरव्याची ट्यूब उघडली की तो म्हणायचा, "काहून बे? हिरवा विकत आणायचा नसतो, करायचा असतो." नागपूर सोडून पंचेचाळीस वर्षं झाली तरी ते 'काहून' काही सुटलं नव्हतं. त्याचा हिरवा दर आठवड्याला वेगळा निघायचा. एकदा तर इतका करडा निघाला की मला वाटलं बिघडला. मान वर करून पाहिलं तर ढग आलेले होते आणि तळं खरंच तसं दिसत होतं. चित्र वाळलं की जो कौतुक करेल त्याला तो देऊन टाकायचा. कुत्र्याला फिरवायला आलेल्या बाईला, लायब्ररीतल्या मुलीला, दात काढणाऱ्या डेंटिस्टला. स्वतःकडे एकही ठेवायचा नाही.

हे न ठेवणं त्याची बायको, विजयावहिनी, गेल्यानंतरचं. त्यांना काही टाकवत नसे. त्या गेल्यावर बेसमेंटमधले खोके रिकामे करायला माधवला आठ महिने लागले. केतकीचे बालवाडीतले मोजे, भारतातून आलेली पत्रं, न वापरलेल्या साड्या, वाढदिवसांच्या मेणबत्त्या. रोज एक खोका, आणि तेवढ्यानेच तो दमायचा. मग त्याने घर विकलं आणि एका बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं. एक टेबल, दोन खुर्च्या, दोन ताटं, पाच शर्ट. मंडळातल्या लोकांना वाटलं, बायको गेल्याचा धक्का बसलाय, होईल बरा. मला त्याचा रागच यायचा. पाच बेडरूमच्या घरात मी एकटा राहतो, त्यामुळे त्याचा तो साधेपणा मला दर बुधवारी टोचायचा. एकदा तळ्याकाठी बोलून गेलो, "माधव, हा साधेपणा नाही, हा रुसवा आहे. वहिनी आधी गेल्या म्हणून रुसलायस तू." त्याने ब्रश पाण्यात धुतला. मग म्हणाला, "रुसलो असेन. पण ते खोके मी एकेक करून उघडलेत, शिरीष. माझ्यामागे केतकीवर ती वेळ यायला नको." काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "निदान फोन तरी खिशात ठेवत जा." त्यावर तो हसला. "मला फोन कोण करतं? केतकी रविवारी. आणि तू तर समोरच बसलेला असतोस."

तो सुखी होता का, असं लोक मला आता विचारतात. बऱ्याच अंशी होता. पण निघायची वेळ झाली की पाण्याचा डबा तो दोनदा विसळायचा, खुर्ची घडी करून पुन्हा उघडायचा. थांबायचं असायचं त्याला. हे मला कळत होतं, आणि तरी गाडी सुरू करून मी निघायचो... घरी माझी कोणी वाट पाहत होतं असंही नाही.

केतकी आठवड्याची रजा काढून आली. घर आवरायला मी सकाळी नऊला पोहोचलो. भांडी एका खोक्यात मावली, कपडे दोन पिशव्यांत. कागदपत्रांची एकच फाइल, तीही नीट लावलेली. साडेअकराला सगळं संपलं. केतकी भिंतीला टेकून गालिच्यावर बसली. "काका, मी वीक ऑफ घेतलाय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, आईच्या वेळी बाबांनी जसं केलं तसं मी हळूहळू करीन. एकेक वस्तू बघत. त्यांनी मला काहीच ठेवलं नाही... एक पेंटिंगसुद्धा नाही." मग ती रडली. त्याने हे तिच्यासाठीच केलं होतं, हे मला तिला सांगायचं होतं, पण त्या क्षणी ते तोंडातून निघेना. त्याऐवजी मी तिला बुधवारचं सांगितलं, मेसेज करून कॅन्सल केल्याचं. "मी पण फक्त संडेलाच फोन करत होते, काका," एवढंच ती म्हणाली.

तिला हॉटेलवर जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं. माझ्या घरी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिने विचारलं, "मंजिरीकाकूंचं सामान कुठे आहे?" माझी बायको मंजिरी जाऊन सहा वर्षं झाली. तिचे खोके बेसमेंटमध्ये आहेत आणि मी एकालाही हात लावलेला नाही, हे मी सांगितलं. "आपण उघडूया का?" केतकीने विचारलं. मी नाही म्हणणार होतो. पण तिचा चेहरा पाहिला आणि उठलो. पुढचे चार दिवस आम्ही दोघं खाली बसलो होतो. मंजिरीचे लोकरीचे गुंडे, तिच्या हस्ताक्षरातल्या रेसिपी, चष्म्यांची रिकामी घरं. केतकी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायची, "हे काय, काका?" मी सांगायचो. सांगता सांगता मध्येच माधवचं काहीतरी निघायचं, मग तेही सांगायचो. विजयावहिनींच्या खोक्यांसारखी वेळ केतकीवर येऊ नये म्हणून त्याने मागे काही ठेवलं नाही, तेही तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, "विचारायचं तरी त्यांनी मला." रागाने नाही म्हणाली. विमानतळावर जायला निघताना तिने मंजिरीची एक अर्धवट विणलेली टोपी मागितली. मी दिली.

विमानतळाच्या आत शिरण्याआधी तिने मला एक अट घातली. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता चहाचं आधण ठेवलं की मी तिला एक शब्द पाठवतो, 'उठलो'. तिच्याकडे तेव्हा पहाटेचे पाच वाजलेले असतात, ती झोपेत असते. माझा मुलगा टेक्सासमध्ये, प्लेनोला आहे. हे त्याला मी सांगितलेलं नाही, सांगितलं तर त्याला लागेल. चहा होतो, पेपर वाचून होतो, बुधवार असेल तर मी ओट्याशेजारच्या टेबलावर कागद ओला करून ठेवतो आणि पलीकडची खुर्ची आत सरकवतो. तिचं उत्तर नऊच्या सुमारास येतं, 'गुड, काका'. ते येईपर्यंत मी ब्रश उचलत नाही. बहुतेक वेळा तोवर कागद वाळून गेलेला असतो, पुन्हा ओला करावा लागतो.